फारसं, जरा, एकदा: कोरियन क्रियाविशेषणांकडे मराठीतून पाहताना

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या बाजारपेठेत मराठीतलं ‘कधीकधी’ कानावर येतं, हिंदीतलं ‘कभी-कभी’ येतं. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. तिथला माणूस ‘माझे माझे’ म्हणतो. दक्षिणेकडे अहेरी-सिरोंचाच्या बाजूचा तेलुगू बोलणारा ‘अप्पुडप्पुडु’ म्हणतो. चारही भाषांची रीत एकच आहे: काळाचा किंवा जागेचा एक शब्द घ्यायचा आणि तो दोनदा म्हणायचा. बंगालीत ‘मध्ये मध्ये’, तेलुगूत ‘तेव्हा तेव्हा’. आता याच अर्थाचा कोरियन शब्द पाहा: ‘त्तेत्तेरो’. ‘त्ते’ म्हणजे वेळ. तो दोनदा आला आणि शेवटी ‘रो’ लागला, आपल्या ‘ने’सारखा प्रत्यय. या तालुक्यात वाढलेल्या मुलीला हा शब्द परका वाटायचं काही कारण नाही.

तरीही तो तिला परका वाटतो, कारण तो तिच्यापर्यंत इंग्रजीतून येतो. कोरियन शिकण्याची बहुतेक सगळी सहज मिळणारी साधनं इंग्रजीत आहेत. मोबाइलवरची अॅपं, व्हिडिओ, कोरियन सरकारच्या सेजोंग हाकदांग प्रतिष्ठानाचे ऑनलाइन वर्ग, बहुतेक ठिकाणी मधली भाषा इंग्रजीच. माझं म्हणणं असं की किती वेळा आणि किती प्रमाणात हे सांगणाऱ्या शब्दांच्या बाबतीत, म्हणजे आवृत्तिवाचक आणि परिमाणवाचक क्रियाविशेषणांच्या बाबतीत, हा वळसा नुसता लांबचा नाही, तो चुकीच्या जागी नेऊन सोडतो. मराठीतून थेट गेलं तर यातला मोठा भाग आपल्याला आधीच येत असतो. जिथे मराठीच दगा देते अशाही जागा आहेत, आणि त्या ओळखल्या तर उरलेलं कामही आवाक्यात येतं.

कोरियनची गरज काल्पनिक नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परकीय भाषांची नावं आहेत, त्यांत कोरियन आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद प्रकल्प आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. गडचिरोलीच्या मुलांपर्यंत कोरियन पोचली ती मात्र कारखान्यांतून नव्हे, मालिका आणि गाण्यांतून. ऐकून ऐकून ‘चिन्च्चा’ आणि ‘नॉमु’ हे दोन शब्द तोंडात बसलेली मुलं आता महाराष्ट्रात कुठेही भेटतील. हे दोन्ही शब्द परिमाणवाचक क्रियाविशेषणंच आहेत.

नवशिक्यांच्या पुस्तकात हा धडा साधारण असा असतो: एक उभी रेघ, वर शंभर टक्के, खाली शून्य. वर ‘हांगसांग’ म्हणजे नेहमी, मग ‘पोथोंग’ म्हणजे सहसा, मग ‘चाजु’ म्हणजे वारंवार, ‘काक्कम’ म्हणजे कधीकधी, ‘प्यॉल्लो’ म्हणजे फारसं नाही, आणि तळाशी ‘चॉनह्यॉ’ म्हणजे कधीच नाही. पाठ करायला ही उतरंड सोपी आहे. पण ती इंग्रजीच्या वर्गासाठी आखलेली आहे. तिच्यात ‘नेहमी’ आणि ‘वारंवार’ एकाच मापाचे कमी-जास्त भाग समजले जातात. मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्याला हे खटकायला हवं. आपल्याकडे कालवाचक क्रियाविशेषणांचे पोटप्रकार शिकवतात, त्यांत सातत्यदर्शक वेगळी आणि आवृत्तिदर्शक वेगळी. नित्य, सदा, नेहमी, दिवसभर ही सातत्याची. वारंवार, दररोज, पुन्हापुन्हा, क्षणोक्षणी ही आवृत्तीची. परीक्षेपुरती पाठ करून विसरलेली ही विभागणी कोरियनसाठी टक्केवारीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

कोरियन भाषकाच्या मनातही ‘नल’ आणि ‘हांगसांग’ सातत्याच्या बाजूला असतात. ‘नल’ हा देशी शब्द आहे, ‘हांगसांग’ चिनी मुळाचा. एखादा माणूस नेहमी शांत असतो, नदी सदैव वाहते, तिथे हे शब्द. ‘मेबॉन’ म्हणजे दर वेळी, प्रत्येक खेपेला. तो आवृत्तीच्या बाजूचा. ‘तू दर वेळी उशिरा येतोस’ ही तक्रार ‘मेबॉन’ने करतात, कारण तिथे खेपा मोजलेल्या आहेत. ‘ऑन्जेना’ मधोमध उभा आहे: ‘ऑन्जे’ म्हणजे कधी, आणि ‘ऑन्जेना’ म्हणजे केव्हाही. तेलुगूत ‘एप्पुडु’ म्हणजे कधी आणि शेवटचा स्वर लांबवला की ‘एप्पुडू’ म्हणजे नेहमी. त्याच घडणीचा शब्द. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे चारही शब्द एकाच ओळीत मिळतात आणि तो एकच निवडून आयुष्यभर वापरतो. मराठीतून शिकणाऱ्याने ‘सदैव’, ‘दर खेपेला’ आणि ‘केव्हाही’ असे तीन कप्पे केले की निवड आपोआप होते.

आवृत्तीचे काही शब्द कोरियन प्रत्ययांनी बनवते. ‘नाल’ म्हणजे दिवस, ‘नालमादा’ म्हणजे दररोज. ‘हे’ म्हणजे वर्ष, ‘हेमादा’ म्हणजे दरवर्षी. ‘हेमादा मार्कांदाए गायो’, दरवर्षी मार्कंड्याला जातो. हे चामोर्शीच्या माणसाचं पहिलं कोरियन वाक्य व्हायला हरकत नाही. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या त्या जत्रेला तालुक्यातलं कोण जात नाही? या कोरियन वाक्यात कर्ता गाळला आहे, क्रियापद शेवटी आहे आणि क्रियाविशेषण आपल्याच जागी आहे. चिनी मुळाची दुसरी जोडीही आहे: ‘मेइल’ म्हणजे दररोज, ‘मेन्यॉन’ म्हणजे दरवर्षी. मराठीत ‘रोज’ फारसीतून आला आणि ‘प्रतिदिन’ संस्कृतातून. कोरियनचे थरही असेच एकावर एक बसलेले आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे संस्कृत शब्द चढ्या आवाजाचा वाटतो, तर ‘मेइल’ अगदी रोजच्या बोलण्यातला आहे.

इथे पहिली खरी चूक येते, आणि ती मराठीमुळे होते. आपण सवय क्रियापदात घालतो. ‘मी रोज जात असतो’, ‘लहानपणी जायचो’, जुन्या भाषेत ‘जाई’; रीतिकाळ म्हणून त्याची वेगळी नोंद व्याकरणात आहे. ‘जात असतो’ शब्दशः कोरियनमध्ये नेलं की ‘कागो इस्सॉयो’ असं चालू क्रियेचं रूप तयार होतं, म्हणजे ‘आत्ता वाटेवर आहे’ असा अर्थ निघू लागतो. सवयीसाठी कोरियनला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘मेइल गायो’. त्यातही शाळा किंवा नोकरी असेल तर ‘जाणे’ हे क्रियापदच बदलतं. ‘तानीदा’ म्हणजे नियमाने ये-जा करणे. आवृत्ती त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. ‘हाक्क्योए तान्यॉयो’ म्हटलं की शाळेत शिकतो हे कळलं, वेगळं ‘रोज’ लागत नाही. भूतकाळातल्या सवयीसाठी मात्र ‘-कोन हादा’ अशी जोडरचना आहे, आणि ती आपल्या ‘जायचो’च्या अर्थाला चांगली बसते.

मोजून सांगायचं तर ‘बॉन’ म्हणजे वेळ, खेप. ‘हान बॉन’ एकदा, ‘तु बॉन’ दोनदा, ‘से बॉन’ तीनदा. कोरियनमध्ये अंकांचे दोन संच आहेत, देशी आणि चिनी मुळाचे. खेपा मोजताना देशी संच लागतो. ‘इल्जुइरे हान बॉन’ म्हणजे आठवड्याला एकदा. आपण ‘आठवड्यातून’ही म्हणतो, कोरियन प्रत्यय ‘-ला’च्या जवळचा आहे, ‘-तून’च्या नाही. पण ‘हानबॉन’ जोडून लिहिला की तो मोजणीचा राहत नाही. ‘हानबॉन वा बोसेयो’ म्हणजे ‘एकदा येऊन बघा’. मराठीतही या ‘एकदा’त मोजणी नाही, आग्रह आहे. आणि ‘येऊन बघा’मधलं ‘बघा’ कोरियनमध्येही ‘बघा’च आहे: ‘पोदा’ म्हणजे पाहणे, आणि करून पाहणे. करून देणे, करून ठेवणे, करून टाकणे यांनाही कोरियनमध्ये तशाच जोड्या आहेत, देणे-ठेवणे-टाकणे याच अर्थांच्या क्रियापदांनी बनलेल्या. हे सगळं इंग्रजीतून समजावायला पानं खर्ची पडतात. मराठीत एका ओळीत होतं.

कॉलिन मसिका या अमेरिकन भाषाभ्यासकाने 1976मध्ये दक्षिण आशियाच्या भाषाक्षेत्रावर जे पुस्तक लिहिलं त्यात अशाच रचना नकाशावर मांडून पाहिल्या: क्रियापद शेवटी येणं, ‘करून’सारखी रूपं, जोडक्रियापदं. भारतीय भाषांच्या या खुणा मध्य आशियामार्गे कोरियन आणि जपानीपर्यंत सापडतात असं त्यांना दिसलं. त्याच्या कितीतरी आधी, 1905 साली, होमर हल्बर्ट या कोरियात राहिलेल्या अमेरिकन शिक्षकाने कोरियन आणि भारतातल्या द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण छापलं आणि दोन्हींचं मूळ एक असल्याचा दावा केला. तो दावा आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. मला स्वतःला नात्याचा प्रश्न महत्त्वाचा वाटतही नाही. गोंडी आणि तेलुगू या दोन द्राविडी भाषा, मराठी आणि बंगाली या दोन आर्य भाषा, या चारी ज्या जिल्ह्यात रोज ऐकू येतात तिथल्या माणसाचा कान क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायला सरावलेला असतो. कोरियनसाठी ती तयारी मोठी आहे.

आता नकाराकडे येऊ. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि उतरंडीच्या तक्त्याने सर्वांत जास्त नुकसान इथेच केलं आहे.

तक्त्यात ‘चॉनह्यॉ’समोर इंग्रजी अर्थ ‘कधीच नाही’ या एका शब्दाचा असतो, ज्यात नकार आतच आहे. इंग्रजीत त्या शब्दानंतर क्रियापद होकारार्थी राहतं. मग विद्यार्थी ‘चॉनह्यॉ गायो’ लिहितो आणि ते वाक्य लंगडं पडतं. मराठीत कुणी ‘अजिबात जातो’ म्हणेल का? ‘अजिबात’ आला की ‘नाही’ येणारच, हे मुलाला तिसऱ्या वर्षी माहीत असतं. ‘चॉनह्यॉ’ हा ‘अजिबात’ आहे: ‘चॉनह्यॉ आन गायो’, अजिबात जात नाही. ‘प्यॉल्लो’ हा ‘फारसं’ आहे: ‘प्यॉल्लो आन छुवॉयो’, फारशी थंडी नाही. ‘प्यॉल्लो’तला ‘प्यॉल’ चिनी मुळाचा, अर्थ ‘वेगळं, विशेष’. म्हणून ‘विशेष नाही’ हेही भाषांतर चपखल बसतं. ‘चोमछॉरॉम’ म्हणजे ‘सहसा… नाही’. ‘क्यॉल्खो’ म्हणजे ‘कदापि… नाही’. ‘तोमुजी’ म्हणजे ‘काही केल्या… नाही’: काही केल्या कळत नाही, म्हणताना कोरियन माणूस ‘तोमुजी’ वापरतो. अशा नकाराची वाट पाहणाऱ्या शब्दांचं मोठं घराणं कोरियनमध्ये आहे आणि मराठीतही. दोन घराण्यांच्या याद्या समोरासमोर मांडल्या तर जवळजवळ प्रत्येकाला जोडीदार मिळतो. मराठी-कोरियन व्याकरण कुणी लिहायला घेतलं तर त्याने पहिलं प्रकरण यावरच लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

‘कधीच नाही’साठी तर ‘चॉनह्यॉ’ पुरेसाही नाही. तो प्रमाणाचा शब्द आहे. ‘मी मांस अजिबात खात नाही’ इथे तो चालतो. पण ‘मी समुद्र कधीच पाहिलेला नाही’ असं गडचिरोलीच्या मुलाला सांगायचं असेल तर लागतो ‘हान बॉन्दो’. ‘हान बॉन’ म्हणजे एकदा, ‘दो’ म्हणजे ही: एकदाही. मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उतरतं. ‘चॉनह्यॉ’ला एक अपवादही आहे: ‘चॉनह्यॉ ताल्लायो’ म्हणजे अगदी वेगळं, पूर्णपणे वेगळं. क्रियापद दिसायला होकारार्थी, पण ‘सारखं नसणं’ हा नकार त्याच्या अर्थात दडलेला आहे. ‘मोल्लायो’, ठाऊक नाही, हेही असंच: एकाच क्रियापदात नकार सामावलेला. तिथे ‘आन’ शोधत बसायचं नाही.

नकाराच्या जागेबद्दल दोन वाटा आहेत. आखूड वाटेत ‘आन’ क्रियापदाच्या आधी येतो: ‘चाजु आन गायो’. लांब वाटेत तो मागून येतो: ‘चाजु गाजी आनायो’. दोन्हींचा अर्थ ‘वारंवार जात नाही’. पुस्तकं आखूड वाट आधी शिकवतात, ती सोपी म्हणून. मराठी विद्यार्थ्याला मी उलट सांगेन. ‘वारंवार – जात – नाही’ आणि ‘चाजु – गाजी – आनायो’ यांचा क्रम तंतोतंत एक आहे. लांब वाट आधी बसवावी, मग बोलण्यासाठी आखूड उचलावी. आखूड वाटेत आणखी एक खाच आहे. ‘कोंगबु हादा’ म्हणजे अभ्यास करणे, नाम आणि ‘करणे’. नकार दोघांच्या मध्ये शिरतो: ‘कोंगबु आन हेयो’. आणि क्रियाविशेषण ‘आन’च्या आधीच राहतं; ‘आन चाजु गायो’ हे कोरियन कानाला टोचतं.

‘रोज जात नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात: एखाद्या दिवशी जातो, किंवा कुठल्याच दिवशी जात नाही. बोलताना आपण आघाताने किंवा ‘रोज रोज काही जात नाही’ असं म्हणून वाट काढतो. कोरियन त्याच जागी ‘अन’ हा विषयदर्शक प्रत्यय लावते: ‘मेइरन आन गायो’, रोजच असं नाही, पण जातो. एका प्रत्ययाने अर्थ पक्का होतो. प्राथमिक पुस्तकांत याचा उल्लेख क्वचित असतो, आणि नकारार्थी वाक्यांत विद्यार्थी सर्वांत जास्त गैरसमज इथेच करून घेतात.

नकाराचा शेवटचा नमुना ‘यॉगान’. ‘यॉगान ऑर्यॉप्ची आनायो’ याचा शब्दशः अर्थ ‘साधारण अवघड नाही’, आणि खरा अर्थ ‘भलतंच अवघड आहे’. वरच्या पातळीच्या परीक्षार्थींना हा उलटा अर्थ पाठ करावा लागतो. मराठी माणसाने ‘हे काही कमी अवघड नाही’ हे वाक्य आठवावं, झालं.

प्रमाणाच्या शब्दांत चित्र पालटतं. इथे मराठीने सावध करायच्या ऐवजी झोपवून ठेवलेलं असतं. दोष ‘खूप’चा. ‘खूप सुंदर’, ‘खूप खाल्लं’, ‘खूप लोक’: विशेषणाला, क्रियापदाला, नामाला, कशालाही ‘खूप’ चालतं. कोरियनमध्ये ‘आजु’ विशेषणांना आणि दुसऱ्या क्रियाविशेषणांना लागतो: ‘आजु येप्पॉयो’, खूप सुंदर. खाण्याचं प्रमाण सांगायला ‘मानी’ हवा: ‘मानी मॉगॉस्सॉयो’. दोन्ही हवे असतील तर ‘आजु मानी’. ‘आजु मॉगॉस्सॉयो’ ही मराठी विद्यार्थ्याची ठरलेली चूक म्हणावी लागेल. उलट ‘मानी’ काही विशेषणांना चालतो, दुखणं, थंडी अशा सोसण्याच्या गोष्टींना. ‘मानी आफायो’ म्हणजे खूप दुखतंय. म्हणून नियम काटेकोर नाही, पण सुरुवातीला ‘किती’ला ‘मानी’ आणि ‘कसं’ला ‘आजु’ एवढं धरून चालावं.

‘नॉमु’ची गोष्ट वेगळी सांगायला हवी. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मर्यादेपलीकडे’. कोशाप्रमाणे तो फक्त वाईट अतिरेकासाठी होता: अति महाग, अति दूर. लोक मात्र आनंदानेही ‘नॉमु चोआयो’, खूपच आवडलं, म्हणत राहिले. दूरचित्रवाणीवर बोलणारा ‘नॉमु’ म्हणे आणि खालच्या मजकुरात तो दुरुस्त होऊन ‘चॉंगमाल’ छापला जाई. अखेर जून 2015मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने प्रमाण कोशातली व्याख्या बदलली आणि होकारार्थी वापर मान्य केला. मराठीत हा झगडा झालाच नाही, कारण ‘फार’ने दोन्ही कामं आधीपासून सांभाळली आहेत. ‘फार झालं’मध्ये अतिरेक आहे, ‘फार छान’मध्ये नाही, आणि आपण गोंधळत नाही. त्यामुळे ‘नॉमु’साठी ‘खूप’पेक्षा ‘फार’ धरला की त्याचे दोन्ही रंग हाती लागतात.

बाकीच्यांत रजिस्टरचा, म्हणजे बोलण्या-लिहिण्याच्या पातळीचा प्रश्न मोठा. ‘मेउ’ लेखी, आपल्या ‘अत्यंत’सारखा. ‘आजु’ सर्वत्र चालणारा. ‘चॉंगमाल’, ‘चिन्च्चा’ आणि ‘छाम’ हे तिघे ‘खरंच’च्या कुळातले, त्यातला ‘चिन्च्चा’ दोस्तांमधला. ‘मोप्शी’ बहुधा त्रासाच्या गोष्टींना, ‘भयंकर थंडी’तल्या भयंकरसारखा. कोरियन भाषा-प्रावीण्य चाचणीत, म्हणजे टोपिकमध्ये, वरच्या गटाला निबंध लिहावा लागतो. तिथे ‘चिन्च्चा’ लिहिणं म्हणजे शालान्त परीक्षेच्या निबंधात ‘लय भारी’ लिहिणं. मालिका पाहून शिकलेल्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, कारण मालिकेत ‘मेउ’ क्वचितच ऐकू येतो.

तुलनेत मराठी पुन्हा साथ देते. ‘गडचिरोलीपेक्षा चामोर्शी लहान’ म्हणायला आपल्याला ‘जास्त’ लागत नाही, ‘पेक्षा’ पुरतो. कोरियनचा ‘पोदा’ हा प्रत्ययही एकटा पुरतो, ‘तॉ’ म्हणजे जास्त हा ऐच्छिक. ‘तॉल’ म्हणजे कमी: ‘तॉल मेवॉयो’, कमी तिखट आहे. पण ‘खूप जास्त मोठं’ कोरियनमध्ये नेता येत नाही, ‘आजु तॉ’ अशी जोडी नसते. तिथे ‘ह्वॉल्शिन’ हवा, आणि त्याचा मराठी जोडीदार ‘कितीतरी’: कितीतरी मोठं.

‘चोम’बद्दल थोडं थांबायला हवं. तो ‘चोगम’ म्हणजे थोडं याचा आखूड अवतार. ‘मुल चोम चुसेयो’ म्हणजे ‘जरा पाणी द्या’. पाणी थोडं हवं असा त्याचा अर्थ नाही, विनंती मऊ केली आहे, आणि आपल्या ‘जरा’चं कामही तेच. ‘जरा इकडे या’, ‘जरा ऐका ना’. इंग्रजी पुस्तकांत याची जोड ‘कृपया’ अर्थाच्या शब्दाशी लावतात. मग विद्यार्थी त्याला औपचारिक समजून जपून वापरतो. ‘जरा’ म्हणून शिकलेला तो घरात, दुकानात, बसमध्ये सहज वापरेल.

मानाची बाबही प्रमाणाच्या शब्दांत शिरते. ‘क्क्वे’ आणि ‘चेबॉप’ दोन्हींचा अर्थ ‘बऱ्यापैकी, बरंच’. पण ‘चेबॉप’मध्ये बोलणाऱ्याने मनात काही अपेक्षा धरलेली असते आणि समोरचा तिच्यापुढे गेला असं सुचवलेलं असतं. लहान्याचं कौतुक करताना तो गोड वाटतो. गुरुजींना ‘चेबॉप’ छान शिकवता म्हटलं तर पाठ थोपटल्यासारखं होतं. मराठीतही मोठ्यांना ‘बरंच जमतं की तुम्हाला’ कुणी म्हणत नाही.

रूपांच्या बाजूने मराठी माणसाची सुटका आहे. आपल्याकडे फारसा, फारशी, फारसं. थोडा, थोडी, थोडं. कोरियन क्रियाविशेषण कुणासाठीही बदलत नाही, कारण लिंगभेदच नाही. जागाही बरीच मोकळी. वेळ-आवृत्तीचे शब्द कर्त्यानंतर किंवा कर्माच्या आधी-मागे फिरू शकतात. प्रमाणाचा शब्द मात्र ज्याचं प्रमाण सांगतो त्याला चिकटून राहतो.

उच्चारात एक धोका देवनागरीच निर्माण करते, आणि तो या लेखालाही लागू आहे. मी ‘चाजु’ लिहितो तेव्हा तो ‘चहा’मधल्या तालव्य च-ने वाचायचा, ‘चाक’मधल्या दंततालव्य च-ने नव्हे, ‘जु’सुद्धा ‘जुना’मधला नाही. हे दोन च आणि दोन ज मराठी कान वेगळे ओळखतो, लिपी मात्र ओळखत नाही. शिवाय ‘नल’, ‘काक्कम’, ‘चोगम’ यांतला अ खरा अ नाही. ओठ पसरून, उ म्हणायचा प्रयत्न केल्यासारखा तो स्वर निघतो आणि त्याला आपल्याकडे अक्षर नाही. ‘कायो’तला पहिला ध्वनी आरंभी क-जवळचा असतो आणि स्वरानंतर किंवा न, ल यांच्यानंतर ग होतो, म्हणून वर काही ठिकाणी ‘गायो’ लिहिलं आहे. देवनागरीचा आधार पहिल्या आठवड्यापुरता ठेवावा. हांगुल ही लिपी 1446मध्ये सेजोंग राजाने जाहीर केली, तिची आजची मूळ अक्षरं चोवीस, आणि मन लावलं तर ती काही दिवसांत वाचता येते.

या विषयावर अभ्यास झालेला नाही असं मुळीच नाही. छ्वे ह्यॉनबे यांच्या 1937च्या कोरियन व्याकरणात क्रियाविशेषणांची सविस्तर मांडणी आहे. इंग्रजीत सॅम्युअल मार्टिन यांचा 1992चा संदर्भग्रंथ आणि हो-मिन सोन यांचं 1999चं पुस्तक हे भक्कम आधार आहेत. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने 2003मध्ये परकीय विद्यार्थ्यांसाठी 5,965 शब्दांची यादी तीन पायऱ्यांत लावून दिली. कुठला शब्द आधी घ्यायचा हे तिच्यावरून ठरवता येतं. मराठीच्या बाजूला मोरो केशव दामले यांचं 1911चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आहे, आणि अव्ययांच्या बाबतीत ते आजही उघडून पाहावं असं आहे. दोन्ही बाजूंचे काठ बांधलेले आहेत, मधला पूल नाही. गडचिरोलीत 2011पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठी, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारे विद्यार्थी एकाच वर्गात बसवणारं विद्यापीठ अशा तौलनिक कामासाठी पुण्या-मुंबईपेक्षा योग्य जागा आहे, आणि ते काम तिथे सुरू व्हावं अशी माझी इच्छा आहे.

टोपिकमध्ये 2014पर्यंत शब्द आणि व्याकरण यांचा वेगळा विभाग होता. तो गेल्यापासून क्रियाविशेषणं ऐकण्या-वाचण्याच्या उताऱ्यांत मिसळली आहेत, त्यामुळे सुटे शब्द पाठ करून भागत नाही. ‘कॉइ’ हा शब्द याचं उदाहरण. एकटा तो ‘जवळजवळ’: ‘कॉइ मेइल’, जवळजवळ रोज. नकार आला की ‘कॉइ आन गायो’, जवळजवळ जातच नाही. तक्त्यात तो एकदा वर आणि एकदा तळाशी लिहावा लागेल. वाक्यात तो कुठेच अडत नाही.

म्हणून सराव वाक्यांनीच करावा, आणि वाक्यं आपल्या मुलखाची असावीत. कोरियातही पावसाळा आहे, त्याला ‘चांगमा’ म्हणतात, आणि तिथेही भातशेती आहे. धान, तांदूळ आणि भात यांना कोरियनमध्येही तीन वेगळे शब्द आहेत, प्यॉ, स्साल आणि पाप. इंग्रजीत तिन्हींना एकच. ‘चांगमाछॉरेनन कांगमुरी चाजु नॉम्छ्यॉयो’, पावसाळ्यात नदीला वारंवार पूर येतो. ‘पाबल हारुए तु बॉन मॉगॉयो’, दिवसातून दोनदा भात खातो. ‘पॉसगा चोमछॉरॉम आन वायो’, बस सहसा येत नाही. चामोर्शीहून आतल्या गावी जाणाऱ्याला हे शेवटचं वाक्य वेगळं पाठ करावं लागणार नाही.